खालून अकरावं वळण

काकांना रस्ता विचारायची सोय नव्हती. कामरगावच्या स्टँडवर कुणी परक्या माणसानं साधं "धनजला कसं जायचं?" विचारलं, तरी ते सांगायचे नाहीत. "चला, दाखवतो," म्हणायचे आणि त्या बिचाऱ्याच्या पुढे चालायला लागायचे, थेट फाट्यापर्यंत. एकदा एक माणूस मोटरसायकल ढकलत त्यांच्या मागे घामाघूम होऊन चाललेला मी शाळेच्या गेटातून पाहिला. मी संध्याकाळी विचारलं, "अहो काका, त्याच्या गाडीवर मागे बसून जायचं ना!"

"बसून गेलो असतो तं त्यानं खुणा पाह्यल्या असत्या का?"

मी कपाळाला हात लावला.

मी त्यांची भाडेकरू. जिल्हा परिषदेच्या शाळेत कामरगावला बदली झाली, वाशीमहून रोजचं येणं-जाणं झेपेना, म्हणून काकांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या घेतल्या. मागे काका आणि काकू, माझं जेवणही त्यांच्याकडेच. दोन्ही लेकी लग्न होऊन दूर गेलेल्या. काका एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीतली बहुतेक वर्षं परतवाड्याहून मेळघाटात जाणाऱ्या गाड्यांवर गेलेली. रिटायर झाल्यावर माणसं देवधर्म करतात, शेतात लक्ष घालतात, नाहीतर पारावर बसून दुसऱ्यांच्या सुनांच्या चुका काढतात. काकांनी सायकल हाती घेतली. तीही साधी नाही. बारीक टायरची, गिअरची, खाली वाकवलेल्या हँडलची. जावयानं स्वतःसाठी घेतली होती, पोट सुटल्यावर सासऱ्याला देऊन टाकली. आणि ज्या घाटांत जन्मभर बस हाकली, त्याच घाटांत काका सायकलीनं जायला लागले. शनिवारी दुपारी सायकल जीपच्या टपावर बांधायची, आधी अमरावती, मग परतवाडा. तिथं जुन्या कंडक्टर मित्राकडे मुक्काम. रविवारी सकाळी घाट, दिवेलागणीला घरी.

"काका, तोच तो रस्ता, कंटाळा नाही येत?"

"चालवला मी लय, मॅडम. पाह्यला कवा?"

लोक म्हणायचे, त्या घाटात त्यांच्या हातून कधी तरी गाडी गेली असणार, माणसं मेली असणार, म्हणून म्हातारा तिथं जातो. मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटायचं. एकदा धीर करून काकूंना विचारलं. काकू तूर पाखडत होत्या. त्या इतक्या हसल्या, की सूप खाली ठेवावं लागलं. "अवो कायची गाडी अन् कायचं काय! एक बकरी मेली नाही त्यायच्या हातून. सरकारनं बिल्ला देला हाय, पाहा तठी देवाजवळ." खरंच, देव्हाऱ्यात गणपतीशेजारी विनाअपघात सेवेचा बिल्ला होता. काकू रोज त्यालाही हळदकुंकू लावायच्या.

सायकल चालवताना अंगात ड्रायव्हरचा खाकी शर्ट. बाहेरून येणारी सायकलवाली पोरं रंगीबेरंगी घट्ट कपड्यांत आणि हे खाकीत, वरची दोन बटणं उघडी. आंधळ्या वळणावर घंटी वाजवायची, ती अख्ख्या जंगलाला ऐकू जाईल अशी. नाक्यावरच्या वनरक्षकासाठी पिशवीत घरच्या तुरीच्या शेंगा न्यायच्या आणि त्या देऊन बातमी घ्यायची, अस्वल कुठं दिसलं, गवे कोणत्या बाजूला उतरले. सायकलवाल्यांत त्या भागाला "नॅशनल पार्क" म्हणायची पद्धत. काका मेळघाटच म्हणत. आणि तिथल्या त्यांच्या वाटांना नावं होती ती गाड्यांच्या वेळांची. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणारी वाट म्हणजे "सहाची". सेमाडोहकडून चिखलदऱ्याला येणारी "साडेनवाची". हरिसालकडची लांबलचक "मुक्कामी". पोरं फोनवर विचारायची, "काका, या रविवारी कोणती?" काका म्हणायचे, "मुक्कामी. डबा घेऊन या."

पोळ्याचं सांगितलं नाही तर काका पुरे व्हायचे नाहीत. आदल्या दिवशी सगळे शेतकरी बैलांचे खांदे शेकतात, तसे काका सायकलीचं हँडल गरम पाण्यानं शेकून त्याला हळद आणि लोणी लावायचे. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैलांची रांग लागली, की सगळ्यात शेवटी काका, हातात सायकल, हँडलला गोंडे. पहिल्या वर्षी गाव खो खो हसलं म्हणे. मी पाहिलं तोवर कुणी हसत नव्हतं, उलट शेजारचे बैलवाले सरकून जागा करून द्यायचे. त्या दिवशी सायकलीवर कुणी बसायचं नाही. "तिलेबी एक दिस सुट्टी असू द्या," म्हणायचे, आणि काकूंनी पुरणपोळीचा घास सायकलीला दाखवल्याशिवाय स्वतः जेवायचे नाहीत.

वाशीमचे पाच-सहा सायकलवाले त्यांच्या नादी लागले होते. त्यांचे पुढारी म्हणजे एका शाळेतले खेळाचे सर, पस्तिशीचे, हसरे, अंगापिंडानं मजबूत. त्यांना काका हवे असायचे, कारण मेळघाटचा रस्ता काकांइतका कुणालाच माहीत नव्हता. पण काकांची अट एकच. कागदावर नाही, फोनवर नाही. पहिल्या वेळी प्रत्येकानं त्यांच्या मागून यायचं.

ही एसटीतली रीत. नवा ड्रायव्हर एखाद्या घाटावर आला, की जुना ड्रायव्हर त्याच्याशेजारी बसून रस्ता दाखवतो. त्याशिवाय त्याच्या हाती गाडी देत नाहीत. काकांनी ती रीत सायकलीला लावली. "चढ कोणीबी चढते," म्हणायचे. "मले तुमचा उतार पाहू द्या." एकदा उतारावर मागून येऊन त्यांनी एका डॉक्टरला सगळ्यांसमोर झापलं होतं. ब्रेक दाबून धरतो म्हणून. डॉक्टरचं तोंड एवढंसं झालं. पण पुढच्या रविवारी तो परत आला.

रविवारी संध्याकाळी काका घरी आले, की ओसरीवर बसून चहा घेत सगळा घाट बोलून दाखवायचे. कुणी ऐको न ऐको. काकू कधीच्या कंटाळलेल्या. ऐकणारी मी. मी मुळातच आगाऊ, त्यात मास्तरीण, काही ऐकलं की लिहून काढायचा रोग. एक दोनशे पानी वही केली. तिच्यात कोणत्या वाटेवर हातपंप कुठं, सावली कुठं, कोणत्या पुलाचा कठडा तुटलाय, माकडं कुठं पिशवी ओढतात, सगळं उतरवत गेले. तीन वर्षांत वही भरत आली. काकांना ती आवडायची. चष्मा लावून पानं उलटायचे, म्हणायचे, "अक्षर लय साजरं हाय तुमचं." पण कुणाला दाखवू द्यायचे नाहीत.

मग एका उन्हाळ्यात काकांच्या छातीत दुखलं. अमरावतीला नेलं, स्प्रिंग टाकली. डॉक्टरांनी सांगितलं, सपाटीवर चालवा हवी तेवढी, घाट बंद. काका ऐकून आले. घरी आल्यावर सायकल पुसली आणि तिच्यावर जुनी चादर टाकली. नंतर कित्येक शनिवार दुपारी जीपची वेळ झाली की ते उगाच अंगणात येरझारा घालायचे. मला बघवायचं नाही.

पावसाळा संपला आणि वाशीमच्या सरांचा फोन आला. त्यांच्यात नवे चार जण आले होते. सेमाडोहपर्यंत गाडीनं जायचं, तिथून साडेनवाच्या वाटेनं चिखलदऱ्याला चढायचं आणि सहाच्या घाटानं परतवाड्याला उतरायचं, असा बेत. काका नसतील, तर निदान रस्ता तरी सांगा.

"नाही," काका म्हणाले. "मी दाखवू शकत नाही, म्हून तुमी जाऊ नका. पावसानंतर रस्ता बदलते. पुढच्या साली पाहू."

सर माझ्याशी बोलले. त्यांनी गळ घातली नाही, मी खोटं सांगणार नाही. एवढंच म्हणाले, की मॅडम, आम्ही तर जाणारच आहोत, काकांचं काही हाताशी असतं तर बरं झालं असतं. वही माझ्या टेबलावर होती. मला वाटलं, जाणारच आहेत तर आंधळ्यासारखे कशाला जावेत? हे झालं चांगलं कारण. दुसरंही होतं. तीन वर्षं घासून लिहिलेली वही कुणी तरी वाचावी, वा मॅडम म्हणावं, असं मला फार वाटत होतं. मी पानांचे फोटो काढले आणि त्यांच्या ग्रुपवर टाकले. काकांना विचारलं नाही. लगेच अंगठे, फुलं, हात जोडलेले, सगळं आलं. मी फुगले.

त्या वहीत सहाच्या घाटाचं एक वाक्य होतं. काकांनी तीनदा सांगितलेलं, म्हणून मी त्याखाली लाल रेघ मारली होती. "अकराव्यावर झिरा हाय. होळीपर्यंत पाणी येते रस्त्यावर, शेवाळ धरते. चढतानी काही नाही, उतरतानी पाय टेका, पायी चाला." फोटोखाली मी आपल्या शहाणपणानं ठळक करून लिहिलं, की उतरताना अकराव्या वळणावर सायकलवरून उतरा.

काका वळणं खालून मोजायचे. त्यांची सहाची गाडी परतवाड्याहून वर चढायची, म्हणून मोजणीही खालून. हे त्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगायचं कधी सुचलं नाही, आणि मला विचारायचं सुचलं नाही. मी मास्तरीण. पोरांना रोज संख्यारेषा शिकवते.

पोरं वरून मोजत उतरली. वरून अकराव्या वळणावर सगळे शिस्तीत खाली उतरले. रस्ता कोरडा ठणठणीत. हसले. कुणी तरी म्हणालं, म्हातारा बह्याड झाला. सर म्हणाले, झिरा आटला असेल, चला. आणि मग कुणी मोजलं नाही. त्यापुढे कितीतरी वळणं खाली झिरा होता तसाच होता. सगळ्यात पुढे सर होते, ते घसरले.

मांडीचं हाड मोडलं, खांदा निखळला. कठडा होता म्हणून दरीत गेले नाहीत.

आम्हाला कळलं तेव्हा मी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी खाकी शर्ट घातला आणि अमरावतीची गाडी धरली. मी मागे. दवाखान्यात सरांची आई बाकावर बसली होती. काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "माय, रस्ता माहा व्हता. मीच मॅडमले म्हटलं, पाठवून द्या. चूक माही हाय."

म्हातारी त्यांना वाटेल ते बोलली. घरात बसून लोकांच्या पोरांना मारता का, म्हणाली. काका मान खाली घालून ऐकत राहिले. मी त्यांच्या मागे चहाचा थर्मास धरून उभी होते. मी तोंड उघडलं नाही. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी पुसलं जाणार नाही, म्हणून एकदाच सांगते. मी एक शब्दही बोलले नाही.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "काका, तुम्ही खोटं का बोललात?"

"गप राहा," ते म्हणाले.

मग फोन येणं बंद झालं. वाशीमचे सायकलवाले दुसरीकडे जायला लागले. गावातही बातमी पसरली, आणि स्टँडवर कुणी काकांना पाहून मुद्दाम विचारायचा, "काय काका, डावीकडे का उजवीकडे?" काका न ऐकल्यासारखं करायचे. परका माणूस रस्ता विचारायला आला, तर आता नुसतं बोट दाखवायचे. ते बोट पाहिलं की मला जेवण जात नसे. काकू मला काही म्हणाल्या नाहीत, पण माझ्या पानात वाढताना पूर्वी बोलायच्या तसं बोलत नव्हत्या.

तीन महिने असे काढले. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी वाशीमला सरांच्या घरी गेले. सर वॉकर धरून दारापर्यंत आले. आई तिळाचे लाडू वळत होत्या. मी उभ्याउभ्याच बोलले, बसले असते तर जमलं नसतं. "काकांनी नाही म्हटलं होतं. मी त्यांना न विचारता पाठवलं. ते खोटं बोलले, माझ्यासाठी. आणि ते वळण खालून अकरावं होतं, तेही मी लिहिलं नाही."

आईचे हात थांबले होते. मग सर म्हणाले, "आम्हीही एक वळण कोरडं निघालं म्हणून पुढचं सोडून दिलं, मॅडम." आई म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्याले मी लय बोलली वो." आणि तोंडाला पदर लावला.

सरांनी त्याच दिवशी काकांना फोन केला. मी घरी पोचले, तर काका ओसरीवर उभे. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तुमाले कोणं सांगतलं मधात बोलाले?"

"काका, चूक माझी होती."

"तुमची कायची! नवा ड्रायव्हर गाडी चालवून राह्यला, जुना बाजूले बसेल हाय, अन् गाडी ठोकली, तं रिपोर्ट कोणावर होते? जुन्यावर. तुमाले घाट कोणं सांगतला? मी. खालून का वरून, थे सांगाचं काम माहं व्हतं. तुमी तं कधी घाट पाह्यलाबी नाही!"

आणि आत निघून गेले. दहा-बारा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सायकलवाल्यांचे फोन पुन्हा यायला लागले होते. काका प्रत्येकाला एकच सांगायचे, की आधी मी स्वतः वरून मोजून येतो, तोवर कोणी येऊ नका.

एका शनिवारी त्यांनी माझ्या दाराची कडी वाजवली. "उद्या सकाळची गाडी. डबा घ्या."

घाटात सायकल चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बसनं जायचं नाही, असं नव्हतं. आम्ही परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढलो. काका खिडकीपाशी. वर चहा घेतला. मग उतरणाऱ्या गाडीत अगदी पुढच्या सीटवर बसलो. ड्रायव्हर तरुण होता, काकांना ओळखणारा. काकांनी मला आधीच हिशोब सांगून ठेवला होता. "खालून एकूण चौतीस. झिरा अकरावा. म्हंजे वरून चोवीस. लिहून घ्या." मी लिहून घेतलं होतं, एकदा नाही, दोनदा.

गाडी सुटली आणि काका मोठ्यानं मोजायला लागले. एक. दोन. गाडीतली माणसं पाहायला लागली. एक कोरकू बाई पोराला घेऊन बसली होती, ते पोरही त्यांच्याबरोबर मोजायला लागलं. मीही मनात मोजत होते. आठपर्यंत आमचं जमलं. मग काका थांबले, मागे वळून पाहिलं, म्हणाले, "हे धरू का नको?" चढताना ज्या वळणावर दुसरा गिअर टाकावा लागतो, तेच त्यांच्या लेखी वळण. उतरताना त्यातली काही वळणं वळणंच वाटत नव्हती, आणि चढताना कधी जाणवली नाहीत अशी दोन-तीन समोर येऊन उभी राहत होती. काकांचा आवाज बारीक होत गेला. चौदा, की पंधरा? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. पुढे ते ओठांतल्या ओठांत, बोटांवर मोजत राहिले.

"बावीस," ते म्हणाले, आणि गाडी वळली, आणि समोर रस्त्याच्या आतल्या बाजूनं ओला काळा पट्टा आला. हिरवं शेवाळ. पलीकडे नव्यानं बांधलेला कठडा, त्याचं सिमेंट अजून पांढरं.

"थांबव बाप्पा, थांबव," काका म्हणाले. ड्रायव्हरनं गाडी पुढे नेऊन कडेला घेतली, आम्हाला उतरवलं आणि गेला.

काका वळणापाशी चालत गेले. झिऱ्याच्या पाण्यात बोटं बुडवली. बावीसपर्यंत मोजलेल्या त्या बोटांकडे पाहिलं. माझ्याकडच्या कागदावर चोवीस लिहिलेलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी मला मॅडमशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.

"चोवीस धरून आलो असतो," ते म्हणाले, "तं मीबी इथीच पडलो असतो, पोरी."

मी कठड्यावर बसले आणि मोठ्यानं रडले. सर पडले तेव्हा रडले नव्हते, दवाखान्यात नाही, सरांच्या घरीही नाही. काकांनी मला गप्प केलं नाही. ते त्या ओल्या पट्ट्याच्या अलीकडे रस्त्यात जाऊन उभे राहिले आणि वरून येणाऱ्या एकेका गाडीला हात करून हळू घ्यायला सांगत राहिले.